भंगलेल्या काचेची साक्ष

प्रयोगशाळेंत चंचुपात्र फुटलें, कीं दोन गोष्टी तत्काळ घडतात: विद्यार्थ्याची कानउघाडणी होते व केरसुणीनें तुकडे गोळा केले जातात. पहिलीविषयीं आमची तक्रार नाहीं; दुसरी मात्र फार घाईनें होते, असें आमचें मत आहे. भंगलेला पृष्ठभाग हा भंगाचा साक्षीदार होय, आणि साक्ष घेण्यापूर्वींच आपण त्यास उकिरड्यावर धाडतों.

जाड काचेचा तुकडा जपून धरून भिंगाखालीं पाहावा. जेथून तडा निघाला, तेथें तो आरशासारखा गुळगुळीत असतो; पुढें धुक्यासारखा अंधुक व त्यापुढें नांगरलेल्या शेतासारखा खडबडीत होतो. हा आरसा जितका लहान, तितका भंगसमयींचा ताण मोठा.

परंतु खडबडीतपणा मोजावा कसा? युक्लिडच्या रेषा व वर्तुळें येथें अपुरीं पडतात. ज्यांचा लहानसा भागही मोठ्या भागासारखाच वांकडातिकडा दिसतो, अशा आकृतींस बेन्वा मँडेलब्रॉट या गणितज्ञानें १९७५ मध्यें 'फ्रॅक्टल' हें नांव दिलें. सपाट पृष्ठाची मिति २. खडबडीत पृष्ठाची २ व ३ यांच्या दरम्यान अपूर्णांकांत येते. १९८४ मध्यें त्यानें व दोन सहकाऱ्यांनीं भंगलेल्या पोलादावर निकेलचा लेप देऊन तें थोडथोडें घासलें, व वर आलेल्या 'बेटां'चा परीघ आणि क्षेत्रफळ यांवरून मिति काढली. मिति अधिक, तेथें आघात सोसण्याची शक्ति कमी, असें दिसलें. १९८९ मध्यें भट्टींत भाजलेल्या ठिसूळ पदार्थांत नेमकें उलट आढळलें: मिति अधिक, तेथें तडा रोखण्याची शक्तीही अधिक! १९९० मध्यें फ्रान्समधील संशोधकांनीं निरनिराळ्या प्रकारें तापविलेल्या अल्युमिनियमच्या मिश्रधातूचे नमुने तपासले. त्यांचा चिवटपणा भिन्न, पण मिति जवळजवळ एकच निघाली.

"मग या खटाटोपाचा उपयोग काय?" असें कोणी पालक विचारतील. आमच्या मतें उपयोग हाच, कीं एका पदार्थावर खरा ठरलेला नियम दुसऱ्यावर डोळे मिटून लादूं नये, हें त्यांतून कळतें. मिति ही उपयुक्त खूण आहे. पण पदार्थ कोणता व मोजण्याची रीत कोणती, हें सांगितल्याविना ती अर्धीच साक्ष होय.

प्रगतिपुस्तकांतील एकाच आंकड्यावरून मुलाचा चिवटपणा ठरविणाऱ्या आम्हां शिक्षकांनीं व पालकांनींही हा धडा गिरवावा. आणि विद्यार्थ्यांनो, पुढील वेळीं पात्र फुटलें, तर बोलणीं खाऊन झाल्यावर एक तुकडा भिंगाखालीं अवश्य पाहा.