कॅप्सूल फोडण्याआधी

पोट फुगलेला मासा घेऊन गिऱ्हाईक दुकानात आले की अनेकदा एकच उपाय सांगितला जातो: टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकीत टाका. नांदेड-लातूरकडच्या जड पाण्यात हा उपाय बराचसा वाया जातो. या गटातली औषधे पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधली जातात आणि माशाच्या अंगात फारशी शिरतच नाहीत. उलट फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणू मरू शकतात. बोअरचे पाणी बहुधा अल्कधर्मी असते, आणि पीएच 7 ला अमोनियाचा जेवढा भाग विषारी असतो, त्याच्या जवळपास दहापट पीएच 8 ला असतो. म्हणजे आजारी माशावर दुसरे संकट.

आधी मासा बघावा, तोही वरून. खवले सीताफळाच्या डोळ्यांसारखे उठून आलेले दिसले, तर तो जलोदर. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात कल्ल्यांवाटे पाणी सतत शिरते आणि मूत्रपिंड ते सतत बाहेर टाकते. मूत्रपिंड थकले की पाणी अंगातच साठते. तपासणीत एरोमोनास जिवाणू पुष्कळदा सापडतात, पण ते एरवीही पाण्यात असतातच; मासा खचला की त्यांचे फावते. या टप्प्यावरून वाचणारे मासे थोडे, हे गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगावे.

खवले अंगाला चिकटलेले, मासा तरतरीत, पण विष्ठा बंद असेल तर बद्धकोष्ठाचा संशय घ्यावा. कोरड्या दाण्यांवर वाढलेल्या फायटर आणि गोल्डफिशमध्ये हे नेहमीचे. दोन-तीन दिवस खाणे बंद. मग फायटरला डॅफ्निया, गोल्डफिशला साल काढलेला उकडलेला वाटाणा. वेगळ्या टाकीत वीस लिटरला चहाचा एक चमचा एप्सम सॉल्ट, म्हणजेच मॅग्नेशियम सल्फेट, घालावे. त्याच्या जागी खायचे मीठ चालत नाही.

गुदद्वारातून लालसर धागे डोकावत असतील तर ते कॅमॅलॅनस जंत. त्यांना लेव्हॅमिसोल लागते. आणि गप्पीची मादी शेपटीकडच्या काळ्या डागासह फुगत चालली असेल, तर ती गाभण आहे. तिला औषध देणे हा निव्वळ छळ.

पाणी बदलण्याचा सल्ला योग्यच, पण तो गावाकडे बघून द्यावा. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा ठिकाणी टाकीत मासे कमी ठेवणे आणि दाणे कमी टाकणे हा उपचाराचाच भाग आहे, आणि तो मासा विकतानाच सांगायला हवा. मॉली-गप्पींना जड पाणी मानवते. नव्या गिऱ्हाईकाला आधी तेच द्यावेत.

राहिला प्रश्न खात्रीच्या निदानाचा. लातूर जिल्ह्यातच, उदगीरला, मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांतल्या दुकानदारांनी एकत्र येऊन तिथल्या प्राध्यापकांशी बोलावे आणि आजारी मासे तपासून घेण्यासाठी महिन्यातला एखादा दिवस मागून घ्यावा. मरायला टेकलेला जिवंत मासा नेणे सर्वांत चांगले. मेलेला असेल तर लगेच बर्फावर ठेवावा, फ्रीजरमध्ये गोठवू नये. गोठल्यावर पेशी फुटतात आणि तपासायला फारसे काही उरत नाही. सोबत टाकीतल्या पाण्याची बाटली आणि कोणता दाणा, कोणते औषध, कधी टाकले याची चिठ्ठी द्यावी.