दाराशी ओरडणाऱ्या मांजराची बाजू

फ्लॅटच्या दाराशी बसून तासन्‌तास ओरडणाऱ्या मांजराबद्दल आपल्याकडचा सल्ला ठरलेला असतो: ‘सोडा की तिला बाहेर, मुका जीव कशाला कोंडून ठेवता?’ शेजारी म्हणतात, पाहुणे म्हणतात, गावाकडची आजी तर रागावूनच म्हणते. यामागे खरा कळवळा आहे, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. तरीही तो सल्ला चुकीचा आहे, आणि त्याची किंमत शेवटी मांजरालाच मोजावी लागते.

आधी पूर्वपक्ष पुरता ऐकून घेऊ. मांजराला माणसाने रानातून धरून आणलं नाही. शेती सुरू झाली, धान्य साठू लागलं, धान्याला उंदीर लागले आणि उंदरांमागे मांजर आपणहून आलं. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं आहे. एवढ्या काळात त्याच्या जाण्यायेण्याला कोणी कडी लावली नाही. कोकणातल्या घरात ते आजही पडवीतून परसात आणि परसातून माळ्यावर आपल्या मर्जीने फिरतं. ब्रिटनमध्ये तर दारालाच मांजरापुरती झडप बसवतात. मग सातव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्याला आयुष्यभर ठेवायचं, हा अन्याय नाही का?

यातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. हिंडण्याची, दबा धरण्याची, झडप घालण्याची मांजराची भूक खरी आहे आणि ती न भागवता त्याला घरात ठेवणं ही क्रूरताच आहे. पण ती भूक रस्त्यावरच भागते, हे कोणी ठरवलं?

इमारतीच्या खाली काय आहे ते एकदा मांजराच्या उंचीवरून पाहावं. पार्किंगमध्ये मागे येणारी गाडी. पावसाळ्यात उबेसाठी बॉनेटमध्ये शिरलेलं मांजर आत असतानाच सुरू होणारं इंजिन. कोपऱ्यात टाकलेलं उंदराचं औषध, ते खाऊन लडबडत चाललेला उंदीर, आणि असा सोपा उंदीर कोणतं मांजर सोडेल? बोक्यांच्या मारामारीत झालेल्या चाव्यातून मांजरांचा एफआयव्ही हा विषाणू पसरतो. तो माणसाला होत नाही, पण मांजराची प्रतिकारशक्ती आयुष्यभरासाठी पोखरतो. परसातल्या मांजराचं उदाहरण देणारे एक गोष्ट विसरतात. तिथेही एखादी मनी चार दिवस दिसली नाही की ‘गेली असेल कुठेतरी’ म्हणून विषय संपायचा. ती कुठे गेली, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

‘मांजर कुठूनही पडलं तरी चार पायांवर पडतं’ हा दुसरा भरवसा. त्याला 1987 सालच्या न्यूयॉर्कमधल्या अभ्यासाचा आधार दिला जातो: उंचावरून पडलेली 132 मांजरं दवाखान्यात आली आणि त्यांतली सुमारे नव्वद टक्के वाचली. पण त्यांतल्या बऱ्याच जणांना उपचार घ्यावे लागले. कित्येकांची छाती, जबडा, पाय जायबंदी झाले होते. शिवाय जी जागीच मेली ती दवाखान्यात आलीच नाहीत, त्यामुळे मोजलीही गेली नाहीत. खिडकीला जाळी नसेल तर हा आकडा कोणाला धीर देण्यासारखा नाही.

पक्ष्यांचाही प्रश्न आहे. अमेरिकेत मांजरं दरवर्षी 1.3 ते 4 अब्ज पक्षी मारतात, असा अंदाज 2013 साली प्रसिद्ध झाला. त्यांतले बहुतेक बेवारस मांजरांनी मारलेले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ऑस्ट्रेलियात कॅनबेराने मात्र 1 जुलै 2022 पासून जन्मलेल्या मांजरांना मालकाच्या आवारातच ठेवणं बंधनकारक केलं.

आता दुसरा पक्ष, जो मला पहिल्यापेक्षा जास्त खटकतो: ‘लक्ष देऊ नका, ओरडून ओरडून गप्प बसेल.’ मोठी मांजरं एकमेकांशी फारसं म्यांव करत नाहीत. ती हाक बहुतांशी माणसासाठी राखलेली असते. तिचं कारण न शोधता कान बंद करणं म्हणजे एका जिवाशी असलेला संवाद तोडणं. चार-सहा महिन्यांची मादी जमिनीवर लोळत, शेपटी एका बाजूला करून रात्रभर ओरडत असेल तर ती हीटवर आली आहे. नसबंदी झाली नाही तर हे दर दोन-तीन आठवड्यांनी होत राहणार. बोका मातीच्या ट्रेमध्ये पुन्हापुन्हा बसून ओरडत असेल आणि लघवी होत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. म्हातारं मांजर अचानक रात्री ओरडू लागलं तर थायरॉइड, मूत्रपिंड, रक्तदाब तपासून घ्यावा.

हे सगळं ठीक असेल आणि तरी ओरडणं सुरू असेल, तर बहुधा त्याचा दिवस रिकामा आहे. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत जागं असतं. नेमकं तेव्हा घर झोपलेलं किंवा परतीच्या लोकलमध्ये असतं. म्हणून रात्री झोपण्याआधी दोरीला बांधलेलं पीस घेऊन त्याला दमेपर्यंत पळवावं. पीस त्याच्या तोंडासमोर नाचवू नये. सोफ्याआड लपवावं, थांबवावं, पळवावं आणि शेवटी नक्की पकडू द्यावं. लगेच जेवण द्यावं. पाळत, झडप, खाणं, अंग चाटणं, झोप हा क्रम पुरा झाला की पहाटेचा गोंगाट पुष्कळ कमी होतो. खिडकीला मजबूत जाळी आणि तिच्याशी बसायला फळी द्यावी, कपाटावर चढायला वाट द्यावी, थोडं खाणं पुठ्ठ्याच्या खोक्यांत लपवून शोधायला लावावं. दोन खोल्यांच्या घरालाही उंची असते आणि मांजराला ती जमिनीइतकीच लागते.

आणि दार? ओरडण्यावर ते एकदाही उघडू नये. नऊ वेळा नाही म्हणून दहाव्यांदा कंटाळून उघडलं, तर मांजर लॉटरी लागलेल्या माणसासारखं अधिक चिकाटीने प्रयत्न करतं. उघडणं बंद केल्यावर आधी काही दिवस आवाज वाढतो. बहुतेक घरं तिथेच हार मानतात, कारण एक जण ठाम असतो आणि दुसरा गुपचूप कडी काढतो. घरातल्या सगळ्यांचं एकमत नसेल, तर त्या गोंधळाचा दोष मांजरावर ढकलू नये.

सोसायटीच्या आवारात वाढलेलं, माणसाच्या हाताला न सरावलेलं मोठं मांजर मात्र यात धरू नये. त्याला पकडून फ्लॅटमध्ये ठेवणं हा छळ होईल. त्याची नसबंदी करावी, लस द्यावी, ओळखीसाठी कानाचं टोक कापतात तेवढं होऊ द्यावं आणि त्याच्या जागी परत सोडावं.

घरातल्या मांजराला बाहेरची हवा द्यायचीच असेल, तर हार्नेस आहे. आधी घरातच अंगाला सवय करावी, मग गच्चीवर न्यावं. वेळ आपण ठरवावी आणि मांजर गप्प असताना निघावं.