अखंड भंडारा जिल्ह्याचा कंपायलर

मंडळी, बोरलँडचा टर्बो सी++ आला १९९० साली. गोंदिया भंडाऱ्यातून वेगळा झाला १ मे १९९९ ला. म्हणजे ज्या कंपायलरवर आमच्याकडची कित्येक पोरं कॉम्प्युटर सायन्सची डिग्री घेतात, तो अखंड भंडारा जिल्ह्याच्या काळातला आहे! सी++चं पहिलं आयएसओ प्रमाणसुद्धा त्याच्यानंतरचं, १९९८ चं. त्यामुळे आयोस्ट्रीमपुढचं 'डॉट एच' आणि ते 'व्हॉइड मेन', जे पोरं घोकतात, ते आजचा जीसीसी दारातूनच परत पाठवतो.

मी शिकलो त्या कॉलेजात (नाव जाऊ द्या) फॅक्टोरिअलचा प्रोग्राम होता. ७ पर्यंत सगळं झकास. ८ दिला की ४०३२० ऐवजी उत्तर उणे २५२१६! सरांना विचारलं तर म्हणाले, "सातच्या वर द्यायचाच नाही. जर्नलमध्ये पाचचं आउटपुट लिही." अहो, खरं कॉम्प्युटर सायन्स त्या उणे चिन्हात होतं! टर्बोचा 'इंट' १६ बिटांचा, ३२७६७ च्या पुढे त्यात मावत नाही, आणि सगळ्यात वरचा बिट चिन्हाचा. पाच मिनिटांचं काम, त्याच जुनाट कंपायलरवर शिकवता आलं असतं. पण जर्नल पूर्ण व्हायचं होतं ना.

"खेड्यातलं कॉलेज, पैसा कुठाय?" हे नेहमीचं. कसला पैसा? जीसीसी १९८७ पासून फुकट मिळतोय. उलट ६४ बिटांच्या विंडोजवर टर्बो सरळ चालतच नाही, डॉसबॉक्स टाकून नव्या मशीनला आधी म्हातारं करावं लागतं. खटपट वाचते ती फक्त नोट्स बदलायची. "विद्यापीठाच्या परीक्षेत हेच येतं", हे दुसरं. मग पेपर काढतं कोण? ह्याच कॉलेजांतली मंडळी ना?

साकोली-लाखांदूरकडचा बाप धानाचा चुकारा आला की आधी पोराची फी भरतो. तेच पोरगं पुण्यात इंटरव्ह्यूला बसतं, कुणीतरी लॅपटॉप पुढे सरकवून "चालवून दाखव" म्हणतं, आणि ते पहिल्याच ओळीला अडकतं. मग आपण एसीत बसून एकमेकांना सांगणार, "विदर्भातल्या पोरांचं बेसिक कच्चं असतं बघ." कच्चं कसलं? चांगलं पक्कं करून दिलंय, फक्त १९९० चं!

असो. दिवाळीत गावी जाल तेव्हा पेन ड्राइव्हवर जीसीसी टाकून न्या. आणि वेळ मिळालाच तर जुन्या कॉलेजात डोकावून एचओडींना विचारा, आठचा फॅक्टोरिअल किती येतो.