काळ्या कोटाची दहा वर्षे



मुलगा बारावी झाला की पिंपरी-चिंचवडच्या आपल्या वस्त्यांत एकच हिशेब मांडला जातो. आयटीआय करून भोसरी-चाकणच्या कंपनीत लागेल का? कुणी वकिलीचे नाव काढलेच तर आई विचारते, "पगार किती मिळेल?" या प्रश्नाला आम्ही हसत नाही. घरभाडे थांबत नाही. तरीही न्यायमूर्ती भूषण गवई यांची वाटचाल प्रत्येक घरी सांगावी अशी आहे.

जन्म १९६० चा, अमरावतीचा. बालपणीचे शिक्षण नगरपालिकेच्या शाळेत. वडील रिपब्लिकन नेते दादासाहेब गवई. असे वडील सर्वांच्या वाट्याला येत नाहीत, हेही मान्य करू या. मार्च १९८५ मध्ये त्यांनी वकिली सुरू केली, ती बॅ. राजा भोसले यांच्या हाताखाली. १९८७ पासून स्वतंत्र, पुढे नागपूर खंडपीठापुढे. महापालिकांची कामे केली, १९९२ साली सहायक सरकारी वकील झाले आणि २००० साली खंडपीठाचे सरकारी वकील. १४ नोव्हेंबर २००३ रोजी ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. म्हणजे त्याआधी अठरा वर्षांहून अधिक काळ वकिली! २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालय आणि १४ मे २०२५ रोजी देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला ते निवृत्त झाले.

२०२४ च्या उपवर्गीकरणाच्या निकालात त्यांनी अनुसूचित जातींनाही क्रीमी लेयर लावावा असे मत मांडले. ते आम्हास पटले नाही, आजही पटत नाही. पण न्यायाधीश हा समाजाचा वकील नसतो, हे ध्यानात ठेवून त्या मताला उत्तरही कायद्याच्याच भाषेत द्यावे लागेल. ते देणारे आपल्याकडे किती?

उच्च न्यायालयाच्या नेमणुकीला परीक्षा नाही आणि आरक्षणही नाही. दहा वर्षांची वकिली किंवा न्यायिक पद लागते. तेथील मुख्य न्यायमूर्ती व दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती नाव सुचवतात, मग सर्वोच्च न्यायालयाचे न्यायवृंद आणि सरकार. सरकारनेच २०२५ साली संसदेत सांगितले की २०१८ पासून नेमलेल्या ७१५ न्यायमूर्तींत अनुसूचित जातींचे केवळ २२. ज्याचा चेहरा कोर्टात वर्षानुवर्षे दिसतो त्याचेच नाव निघणार. आपली मुलेमुली एलएल.बी. होतात, सनद घेतात, पण ज्युनिअरला मिळते ते बसभाड्यालाही पुरत नाही. दोन वर्षांत कोट खुंटीला लागतो.

लग्नाच्या मांडवाला आपण कर्ज काढतो. त्यातून एका ज्युनिअर वकिलाची दोन-तीन वर्षे निघतील. सनद असूनही कंपनीच्या टाइम ऑफिसात बसलेले आपल्या वस्तीत किती आहेत, हे येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात विचारून पाहा.