काळ्या काचेचा हिशेब

वैशाखात नाशिकहून मांगीतुंगीच्या यात्रेस निघण्यापूर्वी कुटुंबे मोटारीच्या काचांना फिल्म लावू पाहतात. विक्रेता म्हणतो, ‘सत्तर टक्क्यांची आहे, कायदेशीर आहे.’ व्यापाऱ्याने येथे हिशेब मांडावा.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० प्रमाणे पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. मूळ काचच ७० टक्क्यांची असेल, तर तीवर ७० टक्क्यांची फिल्म लावताच सत्तराचे सत्तर टक्के, म्हणजे ४९ उरतात. बाजूच्या काचेलाही ते अपुरे.

सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी काचांवर काळी फिल्म चिकटवण्यास मनाई केली. नियमातील नंतरच्या दुरुस्तीच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये विहित मर्यादेतील फिल्म ग्राह्य मानली. परंतु तो निर्णय महाराष्ट्रावर बंधनकारक नाही. खरेदीपूर्वी येथील परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

काळेपणा म्हणजे गारवा नव्हे. सूर्याच्या ऊर्जेचा जवळजवळ निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असतो. चांगली सिरॅमिक फिल्म काच फारशी न काळवंडता ते किरण रोखते. म्हणून एकूण सौर ऊर्जा किती रोखली जाते, हा आकडा विचारावा. काच व फिल्म यांचे एकत्रित मोजमाप पावतीवर लिहून घ्यावे.

पहाटेच्या अंधुक उजेडात महामार्गाच्या कडेने साधु-साध्वींचा विहार चालू असतो. ते चालकास वेळीच दिसावेत, याहून मोठा लाभ कोणत्याही गारव्यात नाही.