मित्रकीटकांच्या नकाशाचे मोल

जगाच्या नकाशावर एखाद्या क्षुद्र कीटकाच्या वसतिस्थानांच्या खुणा करीत बसणे हा विद्वानांचा रिकामा उद्योग होय, असे पुष्कळांस वाटते. तो कीटक मोहरीच्या दाण्याहूनही लहान असला, तर या कामी सरकारने पैसा का वेचावा, असे शेतकरी विचारतो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पपईच्या बागेत मिळते.

पपईवरील पिठ्या ढेकूण ही मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील कीड. ती २००८ मध्ये कोइमतूर येथे आढळली आणि थोड्याच काळात पुणे भागातील पपई व तुतीवर येऊन पोहोचली. अंगावरील मेणचट पिठामुळे फवारलेले औषध तिला नीट भिडत नाही. तिचे शत्रू मात्र त्याने मरतात. मूळ देशात तिचा एवढा सुळसुळाट होत नाही, कारण एनसिर्टिडी कुलातील परोपजीवी गांधीलमाश्या तेथे तिला आवरून धरतात. (नावाने कोणी भिऊ नये, या माश्या माणसास दंश करीत नाहीत.) कोणती माशी कोणत्या देशात कोणत्या किडीवर जगते, याच्या नोंदी आधीच झालेल्या असल्यामुळे शोध अंधारात करावा लागला नाही. २०१० मध्ये पोर्टो रिकोहून तीन जातींच्या माश्या बंगळूर येथील राष्ट्रीय संस्थेत आणल्या गेल्या. त्यांपैकी ‘ॲसेरोफॅगस पपायी’ ही जात तामिळनाडूत व पुढे पुणे भागातही सोडण्यात आली. जेथे ती स्थिरावली तेथे कीड ओसरली.

या कुलातील चार हजारांहून अधिक जातींची वर्णने जगात झाली आहेत. भारतातील जातींचा ग्रंथ अलीगढचे मोहम्मद हयात यांनी २००६ मध्ये सिद्ध केला. तथापि अशा नकाशात एक उणीव राहतेच. जेथे महाविद्यालय किंवा संग्रहालय असते तेथे खुणा दाट पडतात. पुण्यात भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे केंद्र १९५९ पासून आहे. आडवळणाच्या तालुक्यात तसे काही नाही. तेथील कोरी जागा पाहून कीटक नाही असे समजणे चुकीचे होय. तेथे कोणी शोधलेच नाही, एवढाच तिचा अर्थ.

ही जागा ग्रामपातळीवरील कार्यकर्ताच भरू शकेल. किडीची नोंद तत्परतेने होते, मित्रकीटकांची बहुधा राहून जाते. अशी नोंद अर्धीच म्हटली पाहिजे. फुगलेले, तपकिरी व टणक झालेले पिठ्या ढेकूण दिसल्यास ती फांदी रुंद तोंडाच्या बाटलीत घालून तोंडास तलम कापड बांधावे. बांधावरचे गाजरगवतही पाहावे, कारण ही कीड त्यावरही राहते. काही दिवसांनी माश्या बाहेर पडतील. त्या मद्यार्काच्या कुपीत घालून गाव, तालुका, तारीख, पीक व कीड लिहिलेली चिठ्ठी आतच टाकावी आणि कुपी कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागाकडे पोहोचवावी. शाई मद्यार्कात विरघळते, सबब चिठ्ठी शिसपेन्सिलीनेच लिहावी.