उघडता येणारी भेट

दिवाळीची सुट्टी लागली की महाराष्ट्रातील घरांतून अजूनही दोन लहानसे कारखाने सुरू होतात. ओसरीवर किंवा गॅलरीत कामट्या, पतंगाचा कागद आणि खळ घेऊन आकाशकंदील बांधला जातो. अंगणात अगर सोसायटीच्या कोपऱ्यात दगडमातीचा किल्ला उभा राहतो. मोठ्या शहरांत हे दृश्य विरळ होत चालले असले, तरी ते लोपलेले नाही. या उद्योगांचे एक वैशिष्ट्य सहसा ध्यानात येत नाही. कंदिलाचा आराखडा कोणाच्याही मालकीचा नसतो. थोरला भाऊ धाकट्याला तो शिकवितो, शेजारचा मुलगा नुसता पाहून शिकतो आणि पुढल्या वर्षी त्यात स्वतःची काही भर घालतो. पाहण्याची, नक्कल करण्याची, बदलण्याची आणि दुसऱ्याला सांगण्याची ही मोकळीक हाच त्यातील निम्मा आनंद असतो.

त्याच सुट्टीत मुलांच्या हाती पडणारी विकतची भेट मात्र नेमकी उलट स्वरूपाची असते. दूरनियंत्रकावर धावणारी मोटार किंवा बोलणारी बाहुली चार दिवस मन रमविते. तिच्या पोटात काय आहे हे पाहू जावे, तर ती उघडण्याची सोयच नसते. आणि जिद्दीने उघडलीच, तर आतील काळा ठिपका काहीच बोलत नाही. वस्तू बिघडली की ती फेकून द्यायची आणि नवी आणायची, हा धडा मूल अशा वेळी न शिकविताच शिकते. यंत्रांनी वेढलेल्या युगात यंत्राविषयी प्रश्न न विचारण्याची सवय बालपणीच लागावी, ही गोष्ट दिसते तितकी क्षुल्लक नाही.

म्हणूनच सणासुदीला आणि सुट्टीत मुक्तस्रोत हार्डवेअरचे व इलेक्ट्रॉनिक्सचे संच भेट देण्याची जी प्रथा पाश्चात्त्य देशांत नाताळच्या निमित्ताने रुजली आहे, तिचा येथेही गंभीरपणे विचार व्हावयास हवा. मुक्तस्रोत म्हणजे फुकट नव्हे. वस्तूला किंमत पडतेच. पण तिचे आराखडे, बदल करता येतील अशा स्वरूपात, सर्वांसाठी जाहीर केलेले असतात. ते अभ्यासावेत, त्यांत फेरफार करावेत, त्यांवरून तशीच वस्तू बनवावी, इतकेच नव्हे तर ती विकावी, याचीही मुभा असते. थोडक्यात, आकाशकंदिलाला रूढीने मिळालेले स्वातंत्र्य येथे परवान्याने लिहून दिलेले असते.

ही कल्पना अगदीच नवी नाही. अमेरिकेतील हीथ कंपनीने १९४७ मध्ये युद्धानंतर उरलेल्या सुट्या भागांतून ऑसिलोस्कोप जुळविण्याचा संच विक्रीस काढला आणि पुढे रेडिओपासून दूरचित्रवाणी संचापर्यंत अनेक वस्तू लोकांनी घरी बसून जोडल्या. बालपणी असे संच हाताळल्यामुळे यंत्रे ही जादू नसून माणसाचीच निर्मिती आहे हा विश्वास आला, असे स्टीव्ह जॉब्ज यांनी पुढे सांगितले होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून रात्र रात्र ट्रान्झिस्टर जुळविणारी पिढी महाराष्ट्रातही होऊन गेली. परंतु एकात्मिक मंडले आणि स्वयंचलित जुळणी आली, तयार वस्तू संचापेक्षा स्वस्त झाली, आणि १९९२ मध्ये हीथ कंपनीने हे संच बनविणे थांबविले.

या धाग्याला नवे टोक मिळाले ते इटलीतील इव्रेआ या गावी. ऑलिव्हेटी टंकलेखन यंत्रांचे हे गाव. तेथील अभिकल्प संस्थेत हेर्नान्डो बारागान या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी 'वायरिंग' ही योजना तयार केली होती. तिच्याच आधारे मास्सिमो बान्झी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये 'आर्डुइनो' हा छोटा, स्वस्त बोर्ड सिद्ध केला. संस्था बंद पडण्याच्या बेतात होती. तिच्याबरोबर हे कामही बुडू नये म्हणून आराखडे खुले करण्यात आले. परिणामी तसेच बोर्ड जगभर बनू लागले आणि आज भारतातील बाजारातही त्याची नक्कल काही शे रुपयांत मिळते.

अशा संचाने मूल काय शिकते, हे पाहण्यासाठी पुन्हा आकाशकंदिलाकडेच वळावे. अंधार पडताच कंदील आपोआप लागावा असे मुलाने ठरविले, तर एलडीआर नावाचा, उजेडात रोध कमी आणि अंधारात जास्त होणारा एक चिमुकला भाग त्याला पुरतो. आर्डुइनो उनो हा बोर्ड तेथील विद्युतदाब मोजून ० ते १०२३ यांमधील एक आकडा देतो. आता कोणत्या आकड्याला संध्याकाळ म्हणायचे, हे मुलालाच ठरवावे लागते. ते ठरविले की नवीच पंचाईत उभी राहते. दिवा लागतो, त्याचाच उजेड त्या भागावर पडतो, सकाळ झाली असे समजून दिवा विझतो आणि पुन्हा लागतो. कंदील लुकलुकत राहतो. मग तो भाग आडोशाला न्यायचा, की लागण्याचा आणि विझण्याचा आकडा वेगवेगळा ठेवायचा, याचा शोध सुरू होतो. क्रमिक पुस्तकातील दहा पाने जे शिकवू शकत नाहीत, ते हा एक लुकलुकणारा कंदील शिकवून जातो.

या भेटीवर आक्षेप नाहीत असे नाही. पहिला आक्षेप खर्चाचा. संच स्वस्त असला, तरी तो चालविण्यास बहुधा संगणक लागतो आणि कारकुनी पगारात तो प्रत्येक घरी असतोच असे नाही. दुसरा आक्षेप असा की दोन दिवसांच्या उत्साहानंतर हे संच माळ्यावर जातात. हा आक्षेप खरा आहे. परंतु दोष संचाचा नसून देणाऱ्याचा आहे. पेटी हाती देऊन मोकळे होणाऱ्या पालकाने निम्मीच भेट दिलेली असते. शेजारी बसून स्वतःही चुकण्याची तयारी हा तिचा दुसरा अर्धा भाग होय. लहानांच्या हाती बटणासारख्या बॅटऱ्या पडू नयेत, तापलेल्या डाखणीजवळ मोठे माणूस असावे आणि घरातील २३० व्होल्टच्या विजेला प्रयोगासाठी हात लावू नये, ही दक्षताही त्यातच आली. शिवाय प्रत्येक छोटा बोर्ड खुला असतोच असे नाही. रास्पबेरी पाय हा संगणक शिक्षणास अत्यंत उपयुक्त असला, तरी त्याचे सर्व आराखडे खुले नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्वालकॉम या बलाढ्य कंपनीने आर्डुइनो विकत घेणार असल्याचे जाहीर केले, तेव्हा खुलेपणाच्या भवितव्याविषयी शंका उपस्थित होणे स्वाभाविक होते. मात्र पूर्वी खुल्या परवान्याने जगाला दिलेले आराखडे जगाकडेच राहतात, आणि या व्यवस्थेचे बळ त्यातच आहे.

खर्चाच्या आक्षेपाला उत्तर मात्र एकट्या कुटुंबाने द्यावयाचे नाही. ब्रिटनमध्ये २०१६ साली अकरा-बारा वर्षांच्या शाळकरी मुलांना 'मायक्रोबिट' हा बोर्ड विनामूल्य वाटण्यात आला. भारतात त्याच वर्षी सुरू झालेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा आज दहा हजारांहून अधिक शाळांत आहेत. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये 'एक्सपाइज' हा खुला प्रयोगसंच विकसित झाला. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने, हाताने काम करीत शिकण्याची वाट ग्रामीण मुलांना केव्हाच दाखविली आहे. प्रश्न साधनांच्या अभावाचा जेवढा, तेवढाच कुलपाचा आहे. सुट्टी लागताच शाळेची प्रयोगशाळा बंद होणार असेल, तर ज्या मुलाच्या घरी संगणक नाही त्याच्यासाठी ती असून नसल्यासारखीच. दिवाळीच्या सुट्टीतील चार दिवस ती उघडी ठेवणे ही एखाद्या शाळेने आपल्या गावाला दिलेली भेटच ठरेल.

आणखी एक काम खास शिक्षकांचे आहे. या संचांची माहिती प्रामुख्याने इंग्रजीत आहे आणि मराठी शाळेतील मूल तेथेच अडखळते. परंतु आर्डुइनोची मार्गदर्शिका खुल्या परवान्याखाली आहे. मूळ लेखकांचा उल्लेख करून आणि भाषांतरही तसेच खुले ठेवून ती मराठीत आणण्यास कोणाच्याही दारी अर्ज करावा लागत नाही. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याची पुस्तके मराठीसह अनेक भाषांत विनामूल्य खुली करून या कामाचा धडा घालून दिलेला आहेच. एका शिक्षकाने सुट्टीत एक प्रकरण उतरविले, तरी शेकडो संचांचे मोल वाढेल.

विकतची बहुतेक खेळणी पुढल्या दिवाळीपर्यंत भंगारात जातात. अंधार पडताच लागणारा कंदील एखाद्या मुलाने शेजारच्या मुलाला शिकविला, तर ती भेट तेथून पुढच्या घरी जाते, आणि पहिल्या घरातूनही काही कमी होत नाही.